नाव न विचारणारं पान

‘इथे नाव विचारलं जात नाही. कोण लिहितंय हे आम्हालाही कळत नाही. तेव्हा निर्धास्त लिहा.’

ही तीन वाक्यं माझी आहेत. माझी एक मैत्रीण चेन्नईतल्या मराठी माणसांसाठी वेबसाइट चालवायची. तिच्यावरच्या एका पानाच्या माथ्यावर ही वाक्यं दीड वर्ष होती. मैत्रिणीला ‘निर्धास्त’ जरा जड वाटला होता. ‘बिनधास्त’ टाकू या, म्हणाली. मी म्हटलं, बिनधास्त म्हणजे कशाची पर्वा नसलेलं. निर्धास्त म्हणजे धास्ती नसलेलं. इथे लिहायला येणाऱ्या बाईच्या मनात धास्तीच असणार. माझा शब्द राहिला.

मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन इकडे आले त्याला पंचवीस वर्षं होत आली. सासर तंजावरकडचं मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली माणसं. सासूबाईंचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शब्द मराठी वाटायचे, सूर तमिळ, आणि निम्मं डोक्यावरून जायचं. पेरुंगुडीच्या एका शाळेत मी हिंदी शिकवते. घर वेलचेरीत, दुसऱ्या मजल्यावर. पाणी भरतं म्हणून तळमजला नको, हा सासऱ्यांचा हट्ट होता आणि तो बरोबर निघाला.

मैत्रीण नाशिकची. अकरा वर्षांपूर्वी वेलचेरीच्याच एका किराणा दुकानात भेटली. थालीपीठाची भाजणी म्हणजे काय हे दुकानदाराला हातवारे करून समजावत होती. मी मागून म्हटलं, इथे मिळणार नाही, माझ्याकडे आहे, चला. त्या दिवसापासून आमचं जमलं. तिचा नवरा शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत होता. तीही आधी सॉफ्टवेअरच्या चाचणीचं काम करायची, नंतर नोकरी सोडली. सासूबाईंना झटका आला तेव्हा हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझ्याशेजारी तीन दिवस बसलेली हीच. माझी सख्खी बहीण कोल्हापूरहून पाचव्या दिवशी आली.

वेबसाइट तिची, पण शुद्धलेखन माझं. जुन्या तंजावरी घरांतले पदार्थ, नव्यानं आलेल्यांसाठी घरभाड्याची माहिती, गणपतीची मूर्ती कुठे मिळते, असलं सगळं त्यावर असायचं. मराठी मंडळींच्या महिन्याच्या बैठकीला साइटवरून नाव नोंदवायचं तर इतरांनाही लॉगिन करावं लागायचं. मजकूर दुरुस्त करायला मला वेगळं लॉगिन लागायचं. तिनंच घरी येऊन ते माझ्या फोनवर करून दिलं आणि ‘मला लक्षात ठेवा’ या चौकोनात खूण केली. “तू पासवर्ड विसरतेस. आता परत टाकायला नको,” म्हणाली. खाली एक पट्टी यायची, ही साइट कुकीज वापरते म्हणून. त्या पट्टीचं मराठीही तिनं माझ्याकडूनच करून घेतलं होतं. कुकीला काय म्हणायचं यावर आम्ही खूप हसलो होतो. शेवटी ‘कुकीज’च ठेवलं आणि शेजारी ‘मान्य’ असं बटण. पहिल्या दिवशी ते मीच दाबलं. आपण कशाला मान्यता देतोय हे मी विचारलं नाही.

बिननावाच्या पानाची कल्पना दोघींची. दर महिन्याच्या बैठकीत बायका यायच्या, हसायच्या, डबे उघडायच्या, आणि जिना उतरताना एखादी हळूच म्हणायची, तुमच्याशी जरा बोलायचं होतं. मग बोलायची नाही. असं बोलता न येणारं लिहायला एक जागा असावी, असं आम्हाला वाटलं. पान सुरू झालं आणि बायका लिहायला लागल्या. कुणी सुनेबद्दल, कुणी नवऱ्याच्या हाताबद्दल, कुणी नुसतंच ‘मला घरी जायचंय’ एवढंच. त्यांच्या मजकुरातल्या वेलांट्या मी सुधारायचे आणि कोण असेल हा विचारही मनात येऊ द्यायचा नाही, असं ठरवलं होतं.

सासूबाईंना झटका चार वर्षांपूर्वी आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला, ‘पोदुम’. तमिळमध्ये त्याचा अर्थ पुरे. भूक लागली तरी पोदुम, पाणी हवं तरी पोदुम, मी केस विंचरताना बरं वाटलं तरी पोदुम. आवाजावरून अर्थ लावायला मी शिकले. सकाळी आया यायची, ती दीडला जायची. पावणेदोनला मी शाळेतून पोचायचे. मधली पंधरा मिनिटं दाराला बाहेरून कुलूप. दोन वाजता कूस बदलायची, पाणी पाजायचं, अंगाखालचं कोरडं करायचं. कूस वेळेवर बदलली नाही तर पाठीला जखम होते. पहिल्या वर्षी झाली होती, भरायला तीन महिने लागले.

बैठकीत सगळ्या म्हणायच्या, सून असावी तर अशी. मी मान खाली घालायचे. त्यांना तो विनय वाटायचा.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या दोन महिने आधीची एक दुपार. शाळा सुटली, वेलचेरीकडे जाणारी शेअर ऑटो समोर थांबली, ड्रायव्हरनं हाक दिली. मी चढले नाही. रस्ता ओलांडला आणि उलट दिशेची, शोळिंगनल्लूरची ऑटो पकडली. का, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. सिग्नलपाशी उतरले. एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीखाली चहाची टपरी होती. तिथल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मंडळी येत होती, चहा पिऊन परत जात होती. मी दोन चहा प्यायले. तिथे कुणालाही माझ्याकडून काही नको होतं. अर्धा तास झाला असेल असं वाटलं. घड्याळ बघितलं तर पावणेचार.

घरी पोचायला साडेचार झाले. सासूबाई त्याच कुशीवर होत्या, दाराकडे बघत. चादर ओली होती. त्यांनी पोदुमही म्हटलं नाही. सगळं अंग कोमट पाण्यानं पुसलं, चादर बदलली. पाठीवर लाल वण उठला होता, तो दोन दिवसांत गेला. मी हे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणीलाही नाही.

चार दिवसांनी, शाळेतल्या मोकळ्या तासाला, मी फोनवर ते पान उघडलं. लॉगिन वगैरे काही केलं नाही. इतर बायका उघडतात तसंच उघडलं, असं मला वाटलं. मी काळजीही घेतली. सासूबाईंच्या जागी ‘घरातलं आजारी माणूस’ लिहिलं. शेअर ऑटोच्या जागी बस. चहाच्या टपरीऐवजी समुद्र. तिरुवान्मियूरचा किनारा डोळ्यांपुढे आणला आणि वाळूत बसून राहिले, असं लिहिलं. शेवटी लिहिलं, ‘तिथे बसले होते तेवढ्या वेळात मला त्या माणसाची एकदाही आठवण झाली नाही. हे मी कुणाला सांगू?’

खाली दोन उत्तरं आली. एकीनं लिहिलं, मीही असं केलंय. दुसरीनं लिहिलं, ताई, स्वतःलाही जपा. ते वाचून मला स्टाफरूममध्ये रडू आलं. बरं वाटलं म्हणून.

पुढच्याच आठवड्यात नवऱ्याचा दुपारी फोन येऊ लागला. त्यांचं ऑफिस गिंडीला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कामाशिवाय फोन करायची त्यांना सवय नव्हती. आता रोज तीनच्या सुमाराला यायचा. “जेवलीस? आई काय करतेय? जरा तिच्या कानाला लाव, आवाज ऐकतो.” मी फोन सासूबाईंच्या कानाशी धरायचे. त्या पोदुम म्हणायच्या. ते म्हणायचे, “बरं, ठेवतो.” दोन मिनिटांचं काम, पण मी त्या फोनची वाट बघायला लागले. मैत्रिणीलासुद्धा सांगितलं. म्हटलं, या वयात यांना काय सुचलंय बघ. ती हसली, म्हणाली, “लक्ष आहे हो त्यांचं तुझ्याकडे.”

तीन आठवड्यांनी कोइंबतूरहून अक्का आल्या. अक्का म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. न कळवता आल्या, शनिवारी सकाळी, दोन बॅगा घेऊन. आल्या आल्या आईची पाठ बघितली. चादर वर करून तळपाय बघितले. मला वाटलं, लेक आहे, बघणारच. मी जेवणाची तयारी केली. जेवताना अक्का पानाकडे बघत म्हणाल्या, “मी आईला घेऊन जाते. दोन-तीन महिने राहू दे माझ्याकडे.”

“का? एकदम?”

“तुला झेपत नाही, सांगायचं होतंस. आईला कोंडून समुद्रावर जाऊन बसायचं, हे काय?”

माझा हात भातातच राहिला. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच की कळलं. कुणीतरी बघितलं. मग लक्षात आलं की हे कुणी बघणं शक्यच नाही.

“मी समुद्रावर गेले नव्हते, अक्का.”

“खोटं कशाला बोलतेस? बसनं गेलीस, वाळूत बसलीस. सगळं ठाऊक आहे.”

बस. वाळू. ज्या दोन गोष्टी घडल्याच नव्हत्या, त्या जगात एकाच ठिकाणी होत्या. आणि तिथे माझं नाव नव्हतं.

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

अक्कांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. ते ताक ओतून घेत होते, त्यांनी ते ओतणं थांबवलं नाही.

जेवणं झाल्यावर मी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. अक्का आईपाशी होत्या. मी विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं. त्यांना खोटं बोलता येत नाही, हे त्यांच्याबद्दल मी पूर्वी अभिमानानं सांगायचे. मैत्रिणीनं त्यांना फोन केला होता. म्हणाली होती, ती फार थकलीय, तिनं हे असं असं लिहिलंय, तिला कळू देऊ नका पण सांभाळा.

“कधी?”

“झाले तीन आठवडे.”

मी मनात आठवडे मोजले आणि मला एकदम ते फोन समजले. आईच्या कानाला लाव, आवाज ऐकतो. मी घरी आहे की नाही, हे ते बघत होते. मी ज्या फोनची वाट बघत होते तो हजेरीचा फोन होता.

“मला का नाही विचारलंत?”

“तू काय सांगितलं असतंस?”

“सगळं सांगितलं असतं.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही तीन आठवडे माझ्यासोबत जेवून, टीव्ही बघून, माझ्यावर पाळत ठेवलीत,” मी म्हटलं. ते म्हणाले, “माझी आई आहे ती.” मी म्हटलं, “मी कोण आहे?” ते बाहेर जाऊन बसले.

रविवारी अक्का सासूबाईंना गाडीतून घेऊन गेल्या. उशा, औषधं, पाजायचा पेला मी एका पिशवीत भरून दिला. कागदावर वेळा लिहून दिल्या. अक्कांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

सोमवारी शाळेत मी कॉम्प्युटरच्या बाईंना गाठलं. त्या तमिळ, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, वर्गात फार कडक. मी घरचं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की नाव न लिहिता एखाद्या पानावर लिहिलं तर लिहिणारं माणूस कळतं का.

“तुम्ही त्या साइटवर कधी लॉगिन केलं होतं का, मिस?”

“केलंय. पण त्या दिवशी नाही.”

त्यांनी माझा फोन मागितला. ब्राउझर उघडला, साइटच्या पत्त्याशेजारच्या खुणेवर बोट ठेवलं, दोन-तीन पानं आत गेल्या आणि फोन माझ्यापुढे धरला. साइटच्या नावाखाली अक्षरं आणि आकडे मिसळलेली एक लांबलचक ओळ होती. त्याखाली आणखी कुठल्या कुठल्या नावांच्या ओळी.

“ही कुकी. तुम्ही पहिल्यांदा आत गेलात तेव्हा त्या साइटनं तुमच्या फोनमध्ये ही चिठ्ठी ठेवली. त्या चिठ्ठीवर एक नंबर आहे. नंतर तुम्ही त्या साइटचं कुठलंही पान उघडलं, की फोन आपण होऊन ती चिठ्ठी दाखवतो. तुम्ही ‘लक्षात ठेवा’वर खूण केली असेल तर महिनोन्‌महिने.”

“मी नाव लिहिलं नसलं तरी?”

“नाव कशाला हवं? नंबर कुणाचा हे त्यांच्याकडे लिहिलेलं असतंच. अमुक वाजता हे पान या नंबरनं उघडलं, अमुक वाजता मजकूर आला. जुळवायला मिनिटही लागत नाही.”

खालच्या ओळी कसल्या, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, त्या बाहेरच्या जाहिरातवाल्यांच्या चिठ्ठ्या, एका साइटवर बसून दुसऱ्या साइटवर तुम्हाला ओळखणाऱ्या. मग मला कळलं, की सासूबाईंसाठी मोठ्या माणसांचे डायपर एकदा ऑनलाइन बघितल्यावर तेव्हापासून माझ्या प्रत्येक बातमीशेजारी डायपर का दिसायचे. त्या जाहिरातींचा मला फक्त वैताग आला होता. त्या मला ओळखत होत्या, हे कधी जाणवलं नव्हतं.

बाईंनी मला सगळं शिकवलं, मुलींना शिकवतात तसंच, माझ्याकडून करून घेत. चिठ्ठ्या कुठे पुसायच्या. बाहेरच्यांच्या चिठ्ठ्या आधीपासूनच कशा बंद करायच्या. ती पट्टी आली की ‘मान्य’च्या शेजारी लहान अक्षरात नकार कुठे लपवलेला असतो. काम झालं की लॉगआउट करायचं. खाजगी विंडो म्हणजे नवी कोरी खिडकी, जुन्या चिठ्ठ्या तिला माहीत नसतात. पण त्या खिडकीतून लॉगिन केलंत तर पुन्हा ओळख पटलीच. आणि तीही काही बुरखा नव्हे, साइटला ओळखायचे दुसरेही मार्ग असतात.

“म्हणजे चूक माझीच,” मी म्हटलं.

त्या फोन परत देत म्हणाल्या, “चिठ्ठी सगळ्याच साइट ठेवतात, मिस. त्याशिवाय लॉगिन चालणारच नाही. पण बिननावाचं पान म्हणायचं, तर त्या पानावर नंबर नोंदवायचाच नाही, असं करता येतं. सोपं आहे ते. ज्यानं बनवलं त्याला हे माहीत असणार.”

तिला माहीत होतं. तिचं पोट याच कामावर चालत होतं एकेकाळी.

त्याच संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. तिनं दार उघडलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून लगेच कळलं तिला. चहा ठेवायला गेली. मी म्हटलं, चहा नको.

“मला तुझी काळजी वाटली,” ती म्हणाली. “तू तुटत चालली होतीस आणि कुणाला सांगत नव्हतीस.”

“मग मला विचारायचं.”

“कसं विचारणार? विचारलं असतं तर तुला कळलं असतं ना, मला दिसतं म्हणून.”

हे बोलून झाल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं असावं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

“सगळ्यांचंच दिसतं?”

“मी बघत नाही.”

“पण दिसतं.”

“सगळ्यांचं नाही. ज्यांनी कधी लॉगिन केलंय त्यांचंच.” मग म्हणाली, “कधीतरी बघितलंय. अगदीच कुणाचं वाईट काही असलं तर. मदत करता यावी म्हणून.”

मला बैठकीतल्या एक बाई आठवल्या. मैत्रीण त्यांच्यासाठी वेगळा डबा आणायची, बसायला आपल्याशेजारी जागा धरायची. एकदा मला म्हणाली होती, त्यांच्या घरी बरं नाही चाललेलं. तुला कसं कळलं, हे मी विचारलं नव्हतं. मला ती तिची समज वाटली होती. हिला माणसं वाचता येतात, असं मी चार जणींना सांगितलं होतं.

“ती तीन वाक्यं तू माझ्याकडून लिहून घेतलीस,” मी म्हटलं. “आम्हालाही कळत नाही, हे. तेव्हा का नाही थांबवलंस?”

“तेव्हा मी बघत नव्हते. खरंच. नंतर एकदा आकडेवारी बघताना लक्षात आलं की दिसतंय.”

“मग वाक्य का नाही काढलंस?”

“काढलं असतं तर कुणी लिहिलं नसतं.”

मी उठले. तिनं माझा हात धरला. म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला सांगितलं ते तुझ्या भल्यासाठी. दुसऱ्या कुणाला तुझं एक अक्षर सांगितलेलं नाही.” मला त्याक्षणी तिचं खरं वाटलं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. इतक्या वर्षांत मी तिच्यापासून एकच गोष्ट लपवली होती, आणि तेवढीच तिनं मला न विचारता घेतली होती.

मी तिला एक मागणं केलं. पानावर खरं काय ते जाहीर लिही. इथे लिहिलेलं ओळखता येत होतं, एवढं तरी. “बघते,” ती म्हणाली. दोन दिवसांनी पान नाहीसं झालं. त्या जागी ‘तांत्रिक कारणास्तव बंद’ असं आलं. ‘कारणास्तव’ तिनं बरोबर लिहिलं होतं. मी फोन केला, तर म्हणाली, “पान गेलं, विषय संपला. आता सगळ्यांना घाबरवून काय मिळणार?”

पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होती, वेलचेरीतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, पहिल्या मजल्यावर. मी जाणार नव्हते. पण माझं वाक्य वाचून ज्यांनी लिहिलं होतं, त्या तिथेच बसणार होत्या, आणि त्यांतल्या कुणाला काहीच माहीत नसणार होतं. मी गेले. मैत्रीण दुसऱ्या ओळीत होती, थर्मास घेऊन. सूचनांच्या वेळी मी उभी राहिले.

मी सांगितलं, की त्या पानावर नाव नव्हतं पण ज्यांनी साइटवर पूर्वी लॉगिन केलं होतं त्यांची ओळख पटत होती. ‘कळत नाही’ हे वाक्य मी लिहिलं होतं आणि ते खोटं निघालं. मला ते माझ्यावर वेळ आल्यावर कळलं. कुणी वाचलं, हे मी सांगितलं नाही. ते सगळ्यांना कळण्यासारखं होतं. मग फोनमधल्या चिठ्ठ्या कशा पुसायच्या तेही सांगितलं. एक-दोघींनी पर्समधून फोन काढले, मग इतर बघतायत हे लक्षात येऊन परत आत ठेवले.

एका गृहस्थांनी पुढच्या सहलीचा विषय काढला. ज्या बाईंसाठी वेगळा डबा यायचा, त्या उठून निघून गेल्या. त्या परत कधी बैठकीला आल्या नाहीत. माझ्यामुळे त्यांना आपलं गुपित उघडं पडल्याचं कळलं, की मैत्रिणीमुळे पडलं होतं, हा हिशेब त्या कसा मांडतात मला माहीत नाही. रस्त्यात दोनदा दिसल्या. दोन्ही वेळा त्यांनी रस्ता बदलला.

मैत्रिणीनं त्या रात्री एक लांब मेसेज केला, मी तो सकाळी वाचला. त्यात बरंच होतं, त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. ‘मी सांगितलं नसतं तर अजूनही तू एकटीच मरत बसली असतीस.’

कारण तेही खरं होतं. सासूबाई दोन महिन्यांनी परत आल्या तोवर नवऱ्यानं दुपारसाठी दुसरी बाई ठरवली होती. आता मी पाच वाजेपर्यंत मोकळी असते. त्या दोन महिन्यांत अक्का तिकडून दर दोन दिवसांनी फोन करून विचारायच्या, आई कुठल्या कुशीवर झोपते, पोदुम जोरात म्हणाली तर काय हवं असतं. त्यांनी माफी मागितली नाही, मीही मागितली नाही, पण तो वेळांचा कागद त्यांनी भिंतीवर चिकटवला होता, असं त्यांच्या सुनेकडून कळलं. मला जे हवं होतं ते मिळालं. फक्त ते मी मागितलं नव्हतं. माझ्या नकळत माझ्याबद्दल ठरवून ते मला देण्यात आलं.

नवरा एकदा म्हणाला, तेव्हा विचारायला हवं होतं तुला. मी हो म्हटलं. त्यापुढे आम्ही गेलो नाही. आम्ही नीट राहतो, भांडत नाही. मी मात्र फोन करून कुठे आहे ते सांगत नाही, आणि ते विचारत नाहीत.

मैत्रिणीच्या नवऱ्याची गेल्या वर्षी पुण्याला बदली झाली. निघायच्या आधी ती घरी आली होती. सासूबाईंपाशी बसली, त्यांचा डावा हात हातात घेतला. त्यांना ती आवडायची. मी दोघींना चहा दिला. जाताना तिनं विचारलं, साइट तू चालवशील का, सगळं तुझ्या नावावर करून देते.

“त्यातल्या जुन्या नोंदी?” मी विचारलं.

“त्याही येतील. सगळंच येईल.”

मी म्हटलं, “त्या आधी पुसून टाक. माझ्यासमोर.”

तिनं लॅपटॉप आणला नव्हता. घरी जाऊन पुसते, म्हणाली. मी साइट घेतली नाही.